झाकणाचा आवाज

कॉफीची फळती झाडं तोडून त्या जागी जुन्या गाड्या उभ्या करणारा माणूस मी माझ्या लेकाखेरीज दुसरा पाहिला नाही. बरं, तऱ्हेतऱ्हेच्या तरी आणाव्यात. नाही. सगळ्या प्यूजो, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. कंपालाहून शौकीन लोक येतात, फोटो काढतात, विचारतात, "कातेरेगा, याच का जमवतोस?" तो हसून म्हणतो, "तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं." त्यांना ते पटतं. शिकलेल्या माणसांना काहीही पटतं.

आणि घरात बापाला माती द्यायची राहिलीय. देह हाती लागला नाही, तर केळीचा बुंधा झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून पुरायचा, ही आमच्यातली रीत. कापड बांधायचा मान थोरल्या मुलाचा. हा म्हणतो, "आधी ती गाडी सापडू दे." मी आणून ठेवलेल्या कापडाला कसर लागली. मलाही लागत आलीय.

गुरुवारी दुपारी नवी गाडी आली. ट्रकला दोर बांधून ओढत आणली होती. कातेरेगाने ती फणसाखाली लावून घेतली, तोंड रस्त्याकडे. मग चपला काढल्या आणि दाराच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. बापाला नेलं त्या दिवशीही तो तिथेच उभा होता, अनवाणी, एवढंसं पोर. सरकारच्या त्या लोकांनी त्याच्या बापाला अशाच एका गाडीच्या डिकीत कोंबून झाकण आपटलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मी कान झाकले. त्याने झाकले नाहीत. तो आवाज हा धुंडाळतोय. आवाज जुळला की गाडी सापडली. नाही जुळला तरी विकत नाही, न जाणो आपलाच कान चुकला असेल.

"बुकेन्या, नीज डिकीत आणि ठोक," तो मेकॅनिकला म्हणाला.

"मालक, आज नको. बायकोचे दिवस भरलेत. अशा वेळी मी पेटीत निजायचा नाही."

"आजवर निजलास ना?"

"निजलो की. मागच्या खेपेला झाकण अडकलं आणि तुम्ही चावी शोधत गावभर फिरलात. तेवढ्यात माझे मेलेले सगळे चुलते आत येऊन भेटून गेले."

मला हसू आलं. कातेरेगाला आलं नाही. त्याने उंबऱ्यावरून येऊन बुकेन्याचं बखोट धरलं.

"सोड त्याला," मी म्हणाले. "मी निजते."

"आई, तू?"

"का? तुझ्या बापापेक्षा बारीक आहे. मावेन."

तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने डिकीतला जॅक बाहेर काढून मला जागा करून दिली.

आत तेलाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. गुडघे हनुवटीला टेकले. झाकण पडलं. मी मुठीने ठोकलं.

"जोरात, आई!" लांबून आवाज आला.

ठोकलं.

"अजून!"

ठोकत राहिले. मग कधीतरी ध्यानात आलं की आता मी त्याच्यासाठी ठोकत नाहीये. तोंड उघडं होतं, आत काही जात नव्हतं. "कातेरेगा, उघड," म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग नुसतं नाव घेतलं.

झाकण उघडलं ते बुकेन्याने. काखेत हात घालून त्याने मला बाहेर काढलं, आणि स्वतःच रडायला लागला.

लेक उंबऱ्यातच होता. डोळे मिटलेले, मान एका अंगाला कललेली. म्हणाला, "ही नाही. बाबांचा आवाज याहून जड होता."

सून पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापुढे गुडघ्यावर बसली. मी पाणी घेतलं नाही. बोटांची सालं निघाली होती. तशीच चालत उंबऱ्यापाशी गेले.

"मी हाक मारली, ती ऐकलीस?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"ऐकलीस?"

"ऐकली," तो म्हणाला. "मला वाटलं... आणखी थोडा वेळ..."

"त्या लोकांनी तुझ्या बापाला एकदाच डिकीत घातलं, कातेरेगा. मग इतक्या गाड्यांमध्ये कुणी घातलं? शनिवारी त्याला माती द्यायची. तू ये, मागे उभा राहा. पण कापडाला हात लावायचा नाहीस. कापड बुकेन्या बांधेल. झाकण त्याने उघडलं."