काचेमागचे दोन पंखे

"टॉर्च नीट धर," ती म्हणाली. त्याने धरला. स्वतःच्याच संसाराचा शेवटचा स्क्रू निघताना उजेड दाखवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

कपाट, गादी, कुकर, सगळ्याची वाटणी काल झाली होती. आज फक्त कॉम्प्युटर उरला होता. त्यात पडद्यावरची चित्रं पळवणारी दोन ग्राफिक्स कार्डं होती, प्रत्येकाला आपापला पंखा. एक त्याचं, लग्नाआधीपासूनचं. दुसरं तिने येताना बरोबर आणलेलं. कंपन्या वेगळ्या, वयं वेगळी. गेमला खरं तर एक पुरतं. पण लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने दोन्ही शेजारी शेजारी बसवली, जोर दुप्पट होईल म्हणून. कॉम्प्युटरच्या खोक्याला मुद्दाम काचेची बाजूही लावून घेतली. दोघांचे पंखे फिरताना दिसायला हवे होते त्याला.

तो कवळ्या बनवायचा. दात चपखल बसवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि ही जोडीही आपण तशीच बसवली, असा त्याचा तोरा. पाहुणा आला की त्याला काचेपाशी नेऊन सांगायचा, "बघा, कशी गुण्यागोविंदाने नांदतायत." पुढे भांडणं वाढली तेव्हा तीच काच तिला ऐकवायला कामी आली. "ही यंत्रं असून जुळवून घेतात. तुला तेवढंही जमत नाही." ती घरांची चित्रं तयार करायची, याच मशीनवर. एकेक चित्र उमटायला अख्खी दुपार जायची. ती काही बोलायची नाही. त्या न बोलण्याचाही त्याला राग यायचा.

आता तो राग कुठल्या कुठे गेला होता. नको जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तुझं कार्ड गेलं की माझा गेम रडतखडत चालणार."

"नाही रडणार," ती म्हणाली. तिने कार्ड टॉवेलमध्ये गुंडाळलं, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

घर खायला उठलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने गेम लावला. तोच डोंगर, तीच गाडी आणि वेगही तोच. तसूभरही कमी नाही. त्याला भरून आलं. तिच्यावाचून काहीतरी अडायला हवं होतं, निदान इथे तरी.

ज्याने काच बसवून दिली होती, त्या दुकानदाराला त्याने फोन लावला.

"अहो, दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं मिळून गेम चालवत नाहीत," दुकानदार म्हणाला. "तुमच्याकडे पहिल्यापासून सगळं तुमच्या एकट्याच्या कार्डावर चाललंय. गेमही आणि वहिनींचं कामही. काम इतकं हळू का चालतं, हे त्या तेव्हाच विचारायला आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, 'वहिनी, तुमचं कार्ड नवीन आहे, चौपट पळेल, त्यांचं जुनं काढून टाकू.'"

"मग?"

"नको म्हणाल्या. 'त्याचंच चालू दे. माझ्या कार्डाचा नुसता पंखा फिरता राहिला तरी पुरे, त्याने एवढ्या हौसेने काच लावलीय.'"