गोळ्यांचा गुण

अंगरख्याच्या दोन नाड्या एकमेकींपासून चार बोटं लांब राहिल्या. जयसिंगरावांनी पोट आत ओढलं.

"ओढ," ते म्हणाले.

"फाटेल," त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई म्हणाल्या.

दसऱ्याला महिना उरला होता. देवासात दसऱ्याच्या स्वारीपुढे निशाण धरायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. निशाण धरायचं ते पणजोबांचा अंगरखा घालून, आणि अंगरख्याला सुई लावायची नाही. ज्याच्या अंगाला बसेल तो मानकरी. जयसिंगरावांच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, शेवटपर्यंत निशाण धरलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. आता पाळी जयसिंगरावांची. त्यांना अंगरखा बसला नाही तर मान धारच्या चुलतभावाकडे, चिंतामणीकडे जाणार.

चिंतामणी वेताच्या छडीसारखा. फोनवर विचारायचा, "दादा, नाडी कुठवर आली?"

जयसिंगरावांनी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या मागे उभं राहून दिवस काढले होते. पुढे चालायचा हा एकच दिवस त्यांच्या वाट्याला येत होता. विद्युल्लताबाईंना ते माहीत होतं.

पण सकाळचे पोहे-जिलेबी त्यांना सुटत नव्हते, आणि जेवणात मूठभर शेव तर हवीच. अशात मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की क्रोमियम, जस्त आणि मॅग्नेशियम पोटात गेलं की चरबी आपोआप झडते. ते तडक अर्पितच्या मेडिकलवर गेले.

"भिया, शरीरात कमी असेल तर या गोळ्या कामाच्या," अर्पित म्हणाला. "वजन-बिजन यांनी नाही उतरत. थोडं पैदल चला, शेव कमी करा. और डॉक्टर से पूछ लो एक बार."

"तू दुकान चालवतोस की कीर्तन करतोस? काढ डबी."

घरी अक्का, म्हणजे जयसिंगरावांच्या आई, खाटेवरून सगळं ऐकत होत्या. "आमच्या घरात दसरा आला की पुरुष अंगरख्यात आपोआप मावतात," त्या म्हणाल्या. "देवीचं देणं आहे ते." मग त्यांनी अंगरख्याची पेटी सुनेच्या खोलीत हलवायला लावली. "यंदापासून तूच सांभाळ. मला आता दिसत नाही."

आठवडाभर गोळ्या घेऊन झाल्या. नाड्या होत्या तिथेच होत्या. अर्पितनं वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं तर जयसिंगराव भडकले. "काटा खोटं बोलतो. अंगरखा बोलत नाही."

त्या रात्री ते जेवले नाहीत. आबासाहेबांच्या फोटोसमोर नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर विद्युल्लताबाईंनी खोलीला कडी लावली. काखेखालची शिवण उसवली. शिवणीत सोडायला जास्तीचं कापड नव्हतंच. त्यांनी आपला लग्नातला शालू काढला. रंग तोच, डाळिंबी. आतल्या टोकाची तीन बोटं रुंद पट्टी कापली आणि अंगरख्यात बसवली. त्यांचे टाके मुंगीच्या पावलासारखे होते, कुणाला दिसले नसते. पण सुई लागली ती लागलीच. त्यांनी देवापुढे हात जोडले.

नाड्या जवळ आल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या काखेत पट्टी बसली. नाड्यांची टोकं एकमेकींवर आली.

"गुण आला!" जयसिंगराव ओरडले. गल्लीभर सांगून आले. धारला फोन लावला. "चिंतामणी, जस्त आहे जस्त! तू नको घेऊस, वाऱ्यानं उडून जाशील."

अर्पितनं विद्युल्लताबाईंना रस्त्यात गाठलं. "वहिनी, सच में उतरलं?"

"तुमच्याच गोळ्या ना," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

दसऱ्याला गाठ बसली. जयसिंगराव आरशासमोरून हलेनात. धारहून आलेल्या चिंतामणीनं त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं. गालावरची जिलेबी तर जशीच्या तशी होती.

"अक्का, शिवण बघा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "रीत आहे."

रीत होतीच. घरातल्या थोरल्या बाईनं अंगरखा तपासायचा. जयसिंगराव आईपुढे वाकले. अक्कांची बोटं खांद्यावरून उतरली, पाठीवरून फिरली, काखेपाशी आली. थांबली. पुन्हा मागे गेली आणि पुन्हा त्याच जागी थांबली.



"काय लागलं हाताला?" चिंतामणीनं विचारलं.

"सुई लागलेली नाही," अक्का म्हणाल्या. "उचल रे निशाण."

बाहेर ढोल वाजला. जयसिंगराव निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागले, छाती काढून, अगदी आबासाहेबांसारखे. चिंतामणीही त्यांच्या मागे गेला. घरात दोघीच उरल्या. विद्युल्लताबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याचा अभिमान होता तेवढीच भीतीही होती. त्या अक्कांच्या पायाशी बसल्या.

"अक्का, माझं चुकलं. मी शालू..."

अक्कांनी सुनेचं डोकं जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"हात छान आहे तुझा. बाजूच्या पट्ट्यांत माझा शालू आहे, पाठीत माझ्या सासूबाईंचा. पणजोबांचं म्हणशील तर गळ्याशी वीतभर उरलंय, तेवढं जप."