अंदाजे वजन

पशुवैद्यकीय कॉलेजच्या अर्जात 'कामाचा अनुभव' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: प्राण्यांच्या एका दवाखान्यात पाच आठवडे मदतनीस होते. भुलीच्या इंजेक्शनआधी एका मांजरीचं वजन अंदाजाने लिहिलं. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. त्याच दिवशी मला काढून टाकलं.

"कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?" ताई चिडली. "गाळून टाक ना तो दवाखाना. कोण विचारायला येतंय?"

मी गाळला नाही. आता मुलाखतीत समोरचे तिघे नेमकं तेच वाचत होते.

"वजनकाटा नव्हता का तिथे?" मधल्या मॅडमनी विचारलं.

"होता. पण त्याच्यावर औषधांची खोकी रचलेली असायची. डॉक्टर म्हणायचे, उचलून बघ आणि दे ठोकून आकडा. मीही दिला ठोकून. खोकी खाली ठेवायला दोन मिनिटं लागली असती."

कडेला बसलेले पांढऱ्या केसांचे विभागप्रमुख पुढे झुकले. त्यांनी माझा अर्ज टेबलावर पालथा ठेवला. संपलं सगळं, मला वाटलं.

"मागच्या खिडकीजवळचा काटा ना?"

खिडकीबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

"माझ्या वेळी ते कुत्र्याचं पिल्लू होतं," ते म्हणाले.

मग ते हळू आवाजात पुढे म्हणाले,

"आणि मी अर्जात 'उत्तम अनुभव' असं लिहिलं होतं."