कबुलीचा नियम

निजामाच्या राज्यात नवं चर्च हुकुमाशिवाय बांधता येत नसे. म्हणून भूमजवळच्या वस्तीत फादरनी कागदोपत्री शाळा बांधली. इन्स्पेक्टर आला की मारियाच्या मूर्तीवर मुलखाचा नकाशा टांगायचे. सातव्या वर्षी कुणीतरी चुगली केली आणि दाराला सरकारी टाळं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंतोन चिंचेखाली फादरपुढं गुडघे टेकून बसला. "फादर, पापाची कबुली द्यायची हाय. चुगली म्याच केली. तहसीलदारसाहेब चपराशाची नोकरी देणार हायत."

"अंतोन, तुझा बाप्तिस्मा मी केला रे!"

"व्हय. आन् कबुलीत ऐकलेलं फादरनं मरेपस्तोर कुणाला सांगायचं न्हाय, हेबी तुमीच शिकवलं."

फादरनी शिक्षा म्हणून दहा प्रार्थना सांगितल्या. त्यानं त्या तिथंच म्हटल्या, एकही न चुकता.

दुपारी चुगलखोर शोधायला त्याच झाडाखाली वस्ती जमली. अंतोनच पुढं झाला. "फादर, सगळ्यांदेखत सांगा, चुगली कुणी केली?"

फादर खाली बघत राहिले.

"बघितलं? बोलत न्हाईत. आता समजा तुमीच."

वस्तीला समजलं. संध्याकाळी फादरची पेटी बैलगाडीत चढवायला अंतोननंच हात लावला.