पट्टा बंद

नवनाथने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि माल वाहणाऱ्या चार नंबरच्या पट्ट्याखाली हात घातला. रोलरच्या सांदीत पत्र्याचा एक ब्रॅकेट अडकला होता. तो निघाल्याशिवाय चाचणी पुढे सरकणार नव्हती. हात कोपरापर्यंत आत गेला.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला स्वरूपा उभी होती. पडद्यावरचा प्रोग्राम तिने लिहिला होता. वाकडच्या ऑफिसातून तो घेऊन ती आज सकाळीच कुरुळीजवळच्या या कारखान्यात आली होती. शेजारी शॉपचे इनचार्ज उद्धवराव होते. कुरुळीचेच, जुन्या घरातले.

"मराठी पाटी लावली म्हंजी पट्टा जोरात पळतो का काय, बघू की," ते मोठ्याने म्हणाले. पलीकडे पत्रा कापणारे प्रेस धडधडत होते, मोठ्याने बोलल्याशिवाय इथे काही ऐकूच येत नसे.

मराठीचा हट्ट नवनाथचा. तो लातूरकडचा, इथला फिटर. पडद्यावरचं इंग्रजी पाहून सकाळी त्याने तोंड वाकडं केलं होतं. "ताई, पट्ट्याशी झटायचं आम्ही, आन् बटणं बोलणार साहेबाच्या भाषेत? आपल्यात करा की."

ते काम सोपं होतं. स्वरूपाने प्रत्येक पट्ट्यासाठी बटणाचं रूप वेगळं लिहिलंच नव्हतं. एकच साचा केला होता. रंग कोणता, अक्षर केवढं, कोपरे किती गोल, सगळं त्या साच्यात. एका डायमधून पत्र्याचे सारखे तुकडे निघावेत, तशी सगळी बटणं त्यातून निघाली होती. वर प्रत्येक बटण आपापल्या पट्ट्याशी जणू दोरीने बांधलेलं. पट्टा सुरू असला की बटण लाल होई आणि त्यावर ‘बंद’ उमटे. थांबवायचा तर इथे दाबा. पट्टा थांबला की तेच बटण हिरवं होई आणि त्यावर ‘चालू’ उमटे. सुरू करायचा तर इथे दाबा. तिने साच्यातले दोन इंग्रजी शब्द पुसले, तिथे हे दोन मराठी शब्द लिहिले, आणि झाडून सगळ्या बटणांनी भाषा बदलली.

उद्धवरावांना साच्याची गंमत वाटली होती. "डाय चांगली तर माल चांगला. पन डायवर वरखडा असला, तर त्यो हरेक तुकड्यावर उमटतो, पोरी."

"ओरखडा नाही, काका. पुन्हा पुन्हा तपासलाय."

खरंच तपासला होता. दोरी कुठेही सैल नव्हती.

आता तिने सहज समोर पाहिलं. नवनाथ पट्ट्यावर ओणवा झाला होता. त्याच्या डोक्याशीच पडदा होता आणि चार नंबरचं बटण लालभडक होतं. म्हणजे पट्टा सुरू होता. हलत नव्हता, कारण त्यावर माल नव्हता. तो ट्रेची वाट पाहत होता. ट्रे या टोकाच्या सेन्सरपुढून गेला की पट्टा आपोआप धावू लागणार होता.

आणि ट्रे निघालेला होता. ब्रॅकेटांनी भरलेला, जड, उतारावरच्या रोलरांवरून तो सावकाश घरंगळत येत होता.

"नवनाथभाऊ!"

आवाज प्रेसच्या धडधडीत बुडाला. तिने हात हलवले, पडद्याकडे बोट केलं आणि घसा फाडून ओरडली, "बंद! बंद! बंद!"

नवनाथने मान वर केली. तिच्या बोटाच्या रोखाने पडद्याकडे पाहिलं. बटणावरचं वाचलं. मग हसून अंगठा दाखवला, आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

त्याने ऐकलं होतं. पाहिलं होतं. वाचलंही होतं. मग हा माणूस असं का करतोय?

ट्रे सेन्सरपासून हातभर उरला. तिने पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी तो अडवला. पत्र्याची कड हातात रुतली. तेलकट फरशीवर तिचे बूट मागे घसरू लागले.

"काका! त्याचा हात आत आहे!"

उद्धवराव वळले. दोन ढांगांत खांब गाठला आणि त्यावरच्या मोठ्या लाल गुंडीवर तळहाताची थाप मारली. त्या गुंडीवर कुठल्याच भाषेत काही लिहिलेलं नव्हतं.

सगळी लाइन गप्प झाली. प्रेस थांबले, पट्टे थांबले. ट्रे स्वरूपाच्या हातांतून निसटून सेन्सरपुढून गेला. चार नंबरचा पट्टा जागचा हलला नाही. हात वाचला होता.

पडद्यावर बटणांनी आपलं काम चोख केलं. पट्टे थांबले हे त्यांना कळलं, आणि एका साच्यातली ती सगळी बटणं एकदम लालाची हिरवी झाली, प्रत्येकावर ‘चालू’ उमटलं.

नवनाथने ती पाहिली. त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. त्याने हिसडा मारून हात बाहेर ओढला, कोपर पत्र्यावर सोलवटलं, आणि तो मागच्या मागे फरशीवर पडला. चेहरा पांढराफटक. त्या शांततेत त्याचा आवाज पार छतापर्यंत गेला.

"ओ ताई! बंद हाय म्हणून तुम्हीच ओरडून सांगितलं ना? मग माझा हात आत असताना चालू कशाला केलात?"