चाकांपुढचं पाणी
गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी तांब्याच्या घागरीतलं साधं पाणी आमच्या जुन्या, छोट्या गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतलं. ते गोठलं आणि इंजिन तडकलं. त्या तेव्हापासून गाडीकडे फिरकल्याच नव्हत्या. मी प्लोवदिव शहराच्या भंगारबाजारातून दुसरं इंजिन आणलं, अक्रोडाच्या फांदीला साखळीनं टांगून गाडीत उतरवलं. कुंपणापलीकडून शेजारचे वल्कोकाका ओरडले, “सूनबाई, इंजिन आहे ते, लोणच्याची बरणी नव्हे!” “बरणी तरी कुठे उघडते तुमच्यानं?” म्हणत मी शेवटचा बोल्ट आवळला आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि कोंबड्यांची दाणादाण उडवत गुरगुरायला लागली. काकांचा रकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला ओठांशीच थबकला. तेवढ्यात सासूबाई तीच घागर घेऊन आल्या. मी पटकन रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला. पण त्यांनी, प्रवासाला निघणाऱ्यापुढे शुभ म्हणून ओततात तसं, पाणी चाकांपुढे ओतलं. आत बसत म्हणाल्या, “आधी वल्कोच्या दारावरून घे!”