शेवटचा शेरा

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी घरात काहीही मोठ्याने वाचते. माझा भाऊ इयान कानांत बोटं घालतो. आजोबा मात्र म्हणतात, "वाच गं निकोल, झकास वाटतं."

त्या दुपारी डॉक्टर दाराबाहेर पपांशी खूप हळू बोलून गेले. म्हणून मी मुद्दाम आजोबांचे लाडके कागद काढले, एका जुन्या जहाजाच्या तपासणीचे. त्यांचे वडील शिडाच्या मालवाहू जहाजांची तपासणी करायचे. हातोडीने फळी ठोकायची आणि लाकूड आतून कुजलंय का ते कानाने ओळखायचं! या कागदांतलं जहाज पुढे मोडीत निघालं, तेव्हा त्याच्या सागवानाची त्यांनी खाट करून घेतली. आजोबा तिच्यावरच झोपले होते.

"पहिली फळी, खणखणीत," मी वाचलं.

खाटेच्या पायथ्याशी टक् झालं.

"आजोबा, तू वाजवतोस ना?"

त्यांचे दोन्ही हात चादरीवर होते. "थांबू नको गं," ते हसले. "पुढची वाच."

मी वाचत गेले. प्रत्येक फळीनंतर टक्, दर वेळी थोडं वर सरकलेलं. शेवटचं उशीपाशी आलं. आजोबांनी डोळे मिटले. श्वास अगदी मंद झाला. माझ्याशिवाय आणखी कुणीतरी शेवटच्या शेऱ्यासाठी थांबलं होतं.

कागदावर होतं, 'प्रवासास योग्य.'

माझा बक्षीसवाला आवाज पार फाटला, तरी मी मोठ्याने वाचलं, "काम बाकी आहे. बंदर सोडू नये."

बराच वेळ काहीच नाही.

मग आजोबांच्या पायांपाशी, पहिल्या फळीवर, पुन्हा टक्.